चोरीची भरपाई कोणी करायची?

कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोज्याचे कारखाने, माझी सगळी नोकरी या पट्ट्यात गेटवर उभं राहून झाली. ट्रेलर आत येताना काट्यावर वजन, बाहेर जाताना पुन्हा वजन. चलन बघायचं, गाडीचा नंबर लिहायचा, ड्रायव्हरची सही घ्यायची. दिवसाची चोरी कागदातून होते, रात्रीची भिंतीवरून.

तळोज्याला एका कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे कासाडी नदी. तांब्याच्या केबलचे तुकडे करून आतून फेकायचे आणि बाहेरच्यांनी गोळा करायचे, अशी तिथली पद्धत. एका रात्रपाळीला आमच्या जोडीदाराने त्यातल्या एकाची कॉलर धरली. दुसऱ्याने लोखंडी पाइप त्याच्या मनगटावर घातला, तरी ह्याने पकड सोडली नाही. हाड जुळलं, पण मनगट पुन्हा पुरतं वळलं नाही. डबा खाताना भाकरी मोडायला त्याला डावा हात लागायचा. लोक त्याच्या हिमतीचं कौतुक करत. मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सुटला असता तर केबलचे पैसे माझ्या पगारातून गेले असते."

ही भीती आमच्या धंद्याइतकीच जुनी आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात घाटावरच्या गावच्या रखवालदाराचं काम तपशिलाने दिलं आहे. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं, कोण गेलं ते ध्यानात ठेवायचं. चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढायचा. तो शेजारच्या गावात गेल्याचं तिथल्या रखवालदाराला पटवून दिलं की ह्याची जबाबदारी संपली. पुढचा पाठलाग त्याने करायचा. शेवटी ज्या गावात माग थांबला, त्या गावाने भरपाई करायची. आधी रखवालदाराने ऐपतीप्रमाणे, उरलेली गावाने वर्गणी काढून.

मला या व्यवस्थेचं फार गोड चित्र रंगवायचं नाही. हे काम भिल्ल, रामोशी, महार यांच्या वाट्याला आलं होतं, आणि ज्याच्यावर राखणीचा भरवसा टाकायचा त्याचं घर मात्र गावाबाहेर. पण तिच्यात दोन गोष्टी होत्या, ज्या मला गेटवर कधी दिसल्या नाहीत. माग वेशीवर दुसऱ्याच्या हाती देता येत होता. आणि नुकसान एकट्याच्या डोक्यावर बसत नव्हतं.

कंपनी सरकारच्या राज्यात राखणीचे हे जुने हक्क मोडत गेले. पुरंदरची राखण उमाजी नाईकांच्या घराण्याकडे होती. त्यांनी बंड केलं, आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे आमच्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी उठाव उभारला, तेव्हा त्यांच्याबरोबर आले ते बरेचसे रामोशीच. मे 1879 मध्ये दौलतराव नाईकांची टोळी उठावाच्या पैशासाठी कोकणात उतरली आणि पळस्पे, चिखलीत धाडी घातल्या. परतताना झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले. पळस्पे फाट्यावरून कामाला जाताना मला हे नेहमी आठवे. पिढ्यानपिढ्या राखण करणाऱ्यांचं पोट तोडलं की काय होतं, ते या परिसराने पाहिलेलं आहे.

पुढे रखवालदाराचा वॉचमन झाला. कायदे आले, पण गेटपर्यंत पोचले नाहीत. 1923 च्या कायद्याने, नोकरीत असताना आणि नोकरीमुळे झालेल्या दुखापतीची भरपाई मालकावर टाकली. दंड संहितेच्या कलम 97 ने दुसऱ्याचा मालसुद्धा चोरापासून वाचवण्याचा हक्क दिला. हक्क दिला, सक्ती केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि 1936 च्या वेतन कायद्यात, ताब्यात दिलेला माल हरवला तर पगारातून कपात करता येई. पण कामगाराचा हलगर्जीपणा असेल तरच, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. कपात करता येते हे प्रत्येक ठेकेदाराला तोंडपाठ. पुढचा अर्धा भाग सांगणारा मला क्वचितच भेटला.

1969 च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर 1981 साली खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला. मालकाने पगार त्या कायद्याखालच्या मंडळाकडे भरायचा, मंडळाने रक्षकाला द्यायचा. मध्ये ठेकेदार नाही. मी मंडळाचा होतो, म्हणून सुट्टी, बोनस, फंड बघितला. तो जोडीदार ठेकेदाराकडचा होता. चोर पकडून दिला त्या रात्री काही केबल भिंतीपलीकडे गेलीच होती, आणि तिचे पैसे त्याच्या पुढच्या पगारातून कापले. प्लास्टरमध्ये हात असलेल्या माणसाचे! आम्ही चार-पाच जण त्याच्यासोबत ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. म्हणणं कधी ऐकून घेतलं, कोणी घेतलं, कागद दाखवा म्हणालो. कागद नव्हताच. दोन हप्त्यांत पैसे परत मिळाले.

कारखान्याच्या मालाचा विमा होता. दाव्यासाठी एफआयआरची प्रत आणि गेटच्या रजिस्टरातली नोंद मागायला माणूस आला, तेव्हा आम्हाला ते कळलं. त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच रात्री मी सांगत आलो: आधी दिवे लाव, शिट्टी मार, सुपरवायझरला आणि पोलिसांना फोन कर. माणसं किती, अंगात काय, कुठल्या बाजूला पळाली, गाडीचा नंबर काय, ते बघ आणि वेळ घालून लिही. भिंतीपलीकडे उतरायचं नाही. पगारातून कापतील असं कोणी म्हणालं, तर लेखी माग आणि तो कागद घेऊन माझ्याकडे ये.