हातावरचा वण व वहींतलें नांव

माझ्या वयाच्या कोणाही गृहस्थानें सदऱ्याची बाही वर केली, तर देवीच्या टोचणीचा वण दिसेल. हा वण म्हणजे कातडीवर लिहिलेली नोंदच होय. ती हरवत नाहीं, आणि माणसानें गांव सोडलें तरी त्याच्याबरोबर जाते.

हिंदुस्थानांत ही टोचणी प्रथम मुंबईस झाली. ता. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लस देण्यांत आली. पुढें १८७७ सालीं मुंबई शहरांत मुलांना देवी टोचणें सक्तीचें झालें. सक्ती करावयाची, तर मूल जन्मल्याचें आधीं कळावयास हवें. म्हणून जन्माची नोंद ही लसीच्या नोंदीची जननी होय. आमच्या नामपुराकडील खेड्यांत ती कोतवाल बुकांत होई.

१९७५ सालीं देशांतून देवीचा रोग गेला. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण सुरू झालें. गोवर, घटसर्प, पोलिओ यांच्या लशी मात्र देवीसारखा वण ठेवीत नाहींत. कातडीची वही मिटली आणि कागदाची उघडावी लागली. परंतु "इतक्या मुलांस टोचलें" हा आंकडा कितीही मोठा असला, तरी कोणतें मूल राहिलें हें तो सांगत नाहीं. याकरितां २००९ पासून माता व बालकें यांची नांवनिशीवार नोंद सुरू झाली, आणि २०२३ सालीं 'यू-विन' ही संगणकीय नोंद निवडक जिल्ह्यांत प्रथम चालविण्यांत आली.

तिची खरी कसोटी कोठें आहे? नाशिक जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबें ऊसतोडीस जातात. दसऱ्यास जन्मलेल्या बालकाची सहाव्या आठवड्याची टोचणी परजिल्ह्यांतील फडावर येते. दहाव्याची व चौदाव्याचीही तेथेंच. आईजवळचें कार्ड कोपींत भिजलें, तर तेथील परिचारिकेनें काय पाहावें? नांव देशांत कोठेंही सांपडलें, तरच त्या मुलाची पाळी चुकणार नाहीं.

मीं जन्मभर शाळेंत हजेरीपट भरला. त्यावरून एक गोष्ट शिकलों: आलेल्या मुलांची संख्या वरिष्ठांस कळवावयाची असते, न आलेल्याचें नांव मात्र मास्तरानें त्याच्या घरीं जाण्यासाठीं लिहावयाचें असतें. लसीच्या वहीचेंही तसेंच आहे. रिकामा रकाना पाहून कोणी तरी कोपीपर्यंत चालत गेलें, तरच ती वही सार्थकीं लागली.