बंदी, परवाना आणि टोळी

एखादी वस्तू कायद्याने निषिद्ध ठरली म्हणजे तिची मागणी नाहीशी होते असे नाही. बहुधा ती पुरविणारा माणूस तेवढा बदलतो. परवानाधारक दुकानदाराची जागा चोरटा व्यापारी घेतो. या व्यापाऱ्याला बुडालेल्या पैशासाठी दिवाणी दावा लावता येत नाही, की माल लुटला गेला म्हणून पोलीस ठाण्यावर जाता येत नाही. त्याचे करारमदार शेवटी सुरी आणि पिस्तूल यांच्या धाकाने पाळले जातात. यावरून असा एक युक्तिवाद निघतो की, गांजावरील बंदी उठवा, म्हणजे त्यावर पोसलेल्या टोळ्या आणि त्यांचा रक्तपात आपोआप ओसरेल. मेक्सिकोतील टोळीयुद्धांच्या संदर्भात तो अमेरिकेत वारंवार मांडला गेला. दिल्लीतही तो ऐकू येतो. युक्तिवाद सुबक आहे. तो कितपत टिकतो हे पाहण्यासाठी मात्र फार दूर जावयास नको. दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांच्या इतिहासात त्याची परीक्षा एकाहून अधिक वेळा होऊन गेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्ली हा पंजाब प्रांतातील एक जिल्हा होता. पंजाबात मुख्य खप चरसाचा असे, आणि हा चरस यारकंदहून काराकोरमची खिंड ओलांडून, लेहमार्गे, तट्टांच्या पाठीवर लादून येई. माल उघड येई, त्यावर कर बसे आणि परवान्याच्या दुकानांतून तो विकला जाई. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव भागात गांजाची लागवड सरकारी देखरेखीखाली होत होती. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात गांजा पिकत असे. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते डब्ल्यू. एस. केन यांनी या व्यापाराविषयी प्रश्न उपस्थित केला. हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी चौकशी आयोग नेमला. पंजाबातील ज्येष्ठ महसुली अधिकारी मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष, आणि सात सभासदांपैकी तीन हिंदी. आयोगाने प्रांतोप्रांती फिरून १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ साली आपला विस्तृत अहवाल सादर केला.

त्या अहवालाचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. बेताने केलेल्या सेवनापासून सामान्यतः विशेष अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक असतो, आणि या व्यसनाचा गुन्हेगारीशी असलेला संबंध समजला जातो त्याहून फारच थोडा आहे, असे आयोगास आढळले. संपूर्ण बंदी त्याला अयोग्य वाटली. हे झाड हिमालयाच्या पायथ्याशी रानोमाळ उगवते. बंदी घातली तर ती अमलात आणणे कठीण, आणि लोक याहूनही घातक मादक द्रव्यांकडे वळण्याचा धोका. म्हणून लागवडीवर नियंत्रण, दुकानांची संख्या मर्यादित, जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर बंधन आणि पुरेसा कर, असा मार्ग त्याने सुचविला. कर मात्र इतका चढा नसावा की चोरट्या मालास उत्तेजन मिळेल, ही सूचनाही त्यात आहे. सर्वांचे एकमत नव्हते. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघा हिंदी सभासदांनी आपली भिन्न मते स्वतंत्रपणे नोंदविली. शिवाय ज्या सरकारने हा आयोग नेमला त्यालाच या व्यापारापासून महसूल मिळत होता, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या अहवालात काय नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. संस्थानांच्या हद्दीतून कर चुकवून येणाऱ्या मालाची चर्चा त्यात आहे. परंतु या व्यापाराच्या बळावर एखादे शहर वेठीस धरणारी सशस्त्र टोळी त्यात कोठेही दिसत नाही. जो व्यापार आधीपासूनच परवान्याखाली होता, त्यात टोळीला शिरकाव करावयास जागाच उरली नव्हती.

याच्या उलट चित्र मुंबईत दिसले. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला आणि एप्रिल १९५० पासून बंदी राज्यभर लागू झाली. गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी ती निष्ठेने राबविली. मजुराचा पगार गुत्त्यात न जाता घरी पोचावा, हा तिच्यामागील हेतू स्वच्छ होता आणि असंख्य गृहिणींचा तिला मनापासून पाठिंबा होता. पण थोड्याच काळात धारावी आणि अँटॉप हिलच्या बाजूला हातभट्ट्या पेटू लागल्या. गूळ आणि नवसागर यांच्यापासून काढलेली दारू मोटारींच्या ट्यूबांत भरून शहरभर जाऊ लागली. भट्टीवाला, वाहणारा, विकणारा, हप्ता घेणारा आणि धाक घालणारा अशी एक साखळीच तयार झाली. बोरीबंदर स्थानकावर हमाली करण्यासाठी आलेला वरदराजन मुदलियार याच धंद्यातून पुढे टोळीनायक म्हणून वर आला.

यानंतर राज्याने बंदी सैल केली. १९६० नंतरच्या दशकात परवाने सुलभ झाले आणि १९७३ साली देशी दारूचे नियम होऊन ती राजरोस दुकानात आली. युक्तिवाद पूर्णतः खरा असता तर त्या वर्षापासून वरदराजनची सत्ता मावळावयास हवी होती. प्रत्यक्षात ती आणखी जवळजवळ दहा वर्षे टिकली; कारण तोपर्यंत त्याच्या हाती दारूखेरीज इतर धंदे आणि वस्त्यांवरील दरारा आलेला होता. ती मोडली ती १९८० नंतर, य. चं. पवार यांच्यासारख्या पोलीस अधिकाऱ्यांनी सातत्याने केलेल्या कारवाईने.

सोन्याचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले, १९६८ साली त्याचा कायदा झाला, आणि कोकणच्या किनाऱ्यावर रात्री उतरणाऱ्या सोन्याच्या बिस्किटांवर मुंबईतील तस्कर गबर झाले. १९९० साली तो कायदा रद्द झाला. १९९२ च्या अर्थसंकल्पाने परदेशस्थ भारतीयांना जकात भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा दिली. चोरट्या सोन्यातील नफा आटला. टोळ्या मात्र आटल्या नाहीत. होड्या, उतरण्याच्या जागा, लाच घेणारे हात आणि परदेशी बसलेले सूत्रधार हे सारे जागच्या जागी होते. १९९३ च्या आरंभी त्याच वाटांनी दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरली, आणि १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे प्राणास मुकली. पुढील वर्षांत बांधकाम व्यावसायिक आणि चित्रपटनिर्माते यांच्याकडून खंडणी उकळणे हाच टोळ्यांचा मुख्य धंदा झाला. या प्रकारांना आळा घालण्यासाठी १९९९ साली महाराष्ट्राला संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१३ साली सोन्यावरील आयातकर १० टक्क्यांवर नेताच चोरटी आयात पुन्हा वाढली, हेही येथे नमूद केले पाहिजे. १८९४ च्या आयोगाने कराविषयी दिलेला इशारा शतकानंतर सोन्याच्या बाबतीत खरा ठरला.

अमेरिकेचा अनुभव याहून वेगळा नाही. ५ डिसेंबर १९३३ रोजी तेथील दारूबंदी उठली. पुढील दशकात खुनांचे प्रमाण उतरले, पण बंदीच्या काळात बांधल्या गेलेल्या टोळ्या जुगार, कामगार संघटना आणि अफू-हेरॉइन यांच्याकडे वळून कित्येक दशके जगल्या. गांजाच्या बाबतीत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे दिसले की, औषधी गांजास मुभा दिल्यावर मेक्सिकोच्या सीमेलगतच्या अमेरिकी राज्यांत हिंसक गुन्हे सरासरीने सुमारे १३ टक्क्यांनी घटले. हा लाभ क्षुल्लक नव्हे. परंतु सीमेपलीकडे, खुद्द मेक्सिकोत, २०१८ ते २०२२ या प्रत्येक वर्षी तीस हजारांहून अधिक खून झाले. गांजाचा नफा घटल्यावर तेथील टोळ्या हेरॉइन, फेंटानिल, इंधनचोरी आणि खंडणी यांकडे वळल्या होत्या.

आता दिल्लीकडे वळावे. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा देशभर लागू झाला. त्याने चरस आणि गांजा निषिद्ध केले, पण त्याच झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, व्याख्येबाहेर ठेवली. त्यामुळे उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची परवान्याची दुकाने राहिली. गाझियाबाद येथे असलेल्या, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या व्यसनोपचार केंद्राने २०१९ साली राष्ट्रीय पाहणीचा अहवाल दिला. त्यानुसार देशात वर्षभरात भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख, तर गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख होते. संख्येने मोठा असलेला भांगेचा बाजार टोळीयुद्धांसाठी प्रसिद्ध नाही. अर्थात भांग सौम्य आणि स्वस्त असते, तिच्यात नफा थोडा, हेही त्याचे एक कारण आहे.

म्हणून गांजास मुभा दिल्याने राजधानीच्या परिसरातील टोळ्या नाहीशा होतील, अशी आशा धरणे योग्य नव्हे. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा २००२ साली दिल्लीस लागू करण्यात आला, तो खंडणी, जमिनींचे बळकावणे आणि सुपारी घेऊन केलेले खून यांवर जगणाऱ्या टोळ्यांसाठी. गांजा हा या टोळ्यांचा प्राण नाही. मुभेचा लाभ झालाच तर तो दुसऱ्याच माणसाला होईल. ओडिशा-आंध्रच्या डोंगरांतून माल आणणारा ट्रकचालक २० किलोंहून अधिक गांजासह सापडला आणि दोषी ठरला, तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. माल पिकवून घेणारा आणि पैसा पुरविणारा सावकार क्वचितच पिंजऱ्यात उभा राहतो. हा अन्याय मोठा आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे, त्याच्याच गुणावगुणांवर व्हावयास हवा. तरुणांच्या मनावर आणि प्रकृतीवर होणारे अतिसेवनाचे परिणामही त्याच तराजूत घातले पाहिजेत.

तात्पर्य हे की, टोळी जन्मण्यापूर्वी दिलेला परवाना तिला जन्मू देत नाही. टोळी वाढल्यानंतर दिलेला परवाना तिचा एक धंदा काढून घेतो, पण तिची माणसे, शस्त्रे आणि दरारा तसेच ठेवतो. ते मोडण्याचे काम पोलिसांना आणि न्यायालयांना वेगळे करावे लागते, आणि ते धंदा सुटत असतानाच करावे लागते. नंतर करू म्हटले तर टोळी दुसऱ्या धंद्यात जाऊन बसलेली असते. १९९० ते १९९३ या तीन वर्षांत मुंबईत हेच राहून गेले. संसदेत कधी काळी गांजाच्या कायद्याचा फेरविचार झालाच, तर १८९४ च्या अहवालाबरोबर या तीन वर्षांचा इतिहासही सभासदांच्या हाती असावा.