तांब्याला भारी पडलेला जंतू

रसायनांच्या कारखान्यात एंझाइम म्हणजे महागाची चैन, असा एके काळी पक्का समज होता. औषधांसारख्या किमती मालाला ठीक आहे, पण टनावारी विकायच्या स्वस्त मालासाठी जंतू कोण पाळत बसणार? हा समज मोडला जपानमध्ये, १९८५ साली.

नायट्राइल म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांची तिहेरी बंधाने जखडलेली जोडी असलेलं संयुग. सायनाइडच्या भावकीतलं, त्यामुळे बरीचशी नायट्राइलं विषारी. पण मातीतल्या काही जंतूंना त्यात नायट्रोजन दिसतो, म्हणजेच जेवण! ते फोडायच्या रीती दोन. नायट्रिलेज हे एंझाइम एका दमात आम्ल आणि अमोनिया करून मोकळं होतं. ते १९६० च्या दशकातच बार्लीच्या पानांत सापडलं होतं. दुसरी रीत दोन पायऱ्यांची. आधी पाण्याचा एक रेणू जोडून अमाइड करायचं, मग अमायडेज नावाच्या दुसऱ्या एंझाइमने त्यातला अमोनिया सोडवायचा. यातलं पहिलं एंझाइम, नायट्राइल हायड्राटेज, क्योटो विद्यापीठात आसानो आणि यामादा यांनी १९८० साली दाखवून दिलं.

गंमत बघा, जंतूला अर्ध्यावर थांबून काहीच मिळत नाही, अमोनिया तर पुढच्या पायरीला सुटतो. कारखान्याला मात्र नेमकं अर्ध्यावरच थांबायचं होतं! कारण अ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून होणारं अमाइड म्हणजे अ‍ॅक्रिलामाइड. त्याचं पॉलिमर गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवायला लागतं. तोवर हे काम तांब्याचा उत्प्रेरक वापरून व्हायचं. त्यासाठी भरपूर उष्णता लागायची, आणि शेवटी उरलेलं नायट्राइल आणि तांबं वेगळं काढायची कटकट वेगळीच.

म्हणजे शोध हवा होता तो पहिली पायरी जोरात आणि दुसरी जवळजवळ बंद असलेल्या जंतूचा. निट्टो केमिकल कंपनीने १९८५ साली ऱ्होडोकॉकस वंशाच्या अशा एका जंतूवर उत्पादन सुरू केलं, वर्षाला सुमारे ४,००० टन. तेही दहा अंशांच्या खाली, अक्षरशः फ्रिजच्या तापमानाला.

पण माझ्या मते खरा हिरो १९९१ सालचा जे-१ हा वाण. त्याच्या एंझाइमला कोबाल्ट लागतो. तो दिला आणि सोबत युरिया घातला (हो, तोच, खतवाला!), की पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मं हेच एंझाइम बनतं. विचार करा, अर्धा स्टाफ एकाच कामाला! उत्पादन वर्षाला ३०,००० टनांच्या घरात गेलं. तांब्याची जुनी पद्धत त्यानंतर मागेच पडत गेली.