जुन्या स्की बोटीवर टो टॉवर बसवतात कसा, आणि त्यात खरी मेख कुठे असते?

वेकबोर्डिंगचे रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. बोटीमागून दोरी धरून एकजण येतो, बोटीनंच उठवलेल्या लाटेवर चढतो आणि हवेत गिरकी घेऊन परत पाण्यावर उतरतो. पुढच्या वेळी त्याची दोरी कुठून येते ते बघा. ती बोटीच्या मागच्या टोकाला नसते, तर बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून जाणाऱ्या पाईपच्या कमानीला बांधलेली असते. ही कमान म्हणजे टो टॉवर.

नव्या वेकबोर्ड बोटींवर तो कंपनीतूनच बसवून येतो. पण अशी नवी बोट घ्यायची तर अमेरिकेत लाखभर डॉलर सहज लागतात. त्यामुळे 1980-90 च्या दशकातली जुनी स्की बोट घ्यायची, टॉवर वेगळा विकत आणायचा आणि गॅरेजमध्ये स्वतःच बसवायचा, असं करणारे तिथे भरपूर आहेत. काम दिसायला गाडीवर कॅरियर लावण्यासारखं वाटतं. मात्र कॅरियरला फक्त सामान पेलायचं असतं. टॉवर बोटीच्या काठाला उपटायला बघतो आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी दोरी कुठे बांधायचे?

वॉटर स्कीइंगची सुरुवात 1922 ची. मिनेसोटा राज्यातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या 18 वर्षांच्या मुलानं पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि बोटीमागे पाण्यावर उभं राहून दाखवलं. पुढे या खेळासाठी खास बोटी बनू लागल्या. अशा बोटीत इंजिन साधारण मध्यभागी असतं आणि त्याच्या पुढ्यात एक ठेंगणा, जाड खांब असतो. त्याला पायलॉन म्हणतात. तो बोटीच्या तळाच्या सांगाड्याला जोडलेला असतो. मागचा माणूस डावी-उजवीकडे कितीही झुकला तरी ओढ बोटीच्या मध्याजवळ आणि खालीच लागते, त्यामुळे बोट फारशी भरकटत नाही. स्लॅलम स्की करणारे आजही पायलॉनलाच दोरी लावतात.

वेकबोर्डवाल्यांची गरज वेगळी आहे. त्यांना हवेत जायचं असतं आणि दोरी खालून ओढत असेल तर ती त्यांना परत पाण्याकडे खेचते. दोरी उंचावरून आली की हवेत थोडा जास्त वेळ मिळतो. सुरुवातीला पायलॉनवरच उंच खांब चढवून हे साधलं गेलं, मग 1990 च्या दशकाच्या अखेरीस चार पायांचे टॉवर आले. पायलॉनचं वजन तळ पेलत होता. टॉवरचे पाय मात्र फायबरग्लासच्या काठावर उभे राहतात, आणि जुनी स्की बोट बनवणाऱ्यानं तो काठ या कामासाठी बनवलेलाच नव्हता.

साधं गणित करून बघू

समजा, टॉवर काठापासून दीड मीटर उंच आहे. पुढचे दोन पाय आणि मागचे दोन पाय यांच्यात एक मीटर अंतर आहे. वर दोरीला 100 किलोची ओढ लागली. आता टॉवर मागच्या पायांवर रेलून मागे पडायला बघतो आणि पुढचे दोन पाय मिळून साधारण 150 किलोच्या जोरानं वर उचलले जातात. पायांमधलं अंतर अर्धा मीटरच ठेवलं, तर हा जोर थेट 300 किलो होतो. शिवाय वेकबोर्डवाला सरळ मागे राहत नाही, तो बाजूला कापत जातो. म्हणजे टॉवर आडवाही पिळला जातो.

म्हणून टॉवर निवडताना स्पीकरला जागा किती, रंग कोणता हे नंतर. पाय किती अंतरावर येतात आणि काठाखाली हात पोचतो का, हे आधी बघायचं. हात पोचत नसेल तर आतून नट लावता येणार नाही. अशा जागी नुसत्या स्क्रूवर टॉवर उभा करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

बोल्टपेक्षा महत्त्वाची प्लेट

काठाच्या खालच्या बाजूनं, प्रत्येक पायाखाली अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी बसवतात. तिला बॅकिंग प्लेट म्हणतात. छोट्या वॉशरवर सगळा जोर आला तर बोल्ट फायबरग्लास फाडून वर येऊ शकतो. प्लेट तोच जोर मोठ्या जागेवर पसरवते. किटसोबत प्लेट येते, पण काठाचा आतला भाग सहसा खडबडीत आणि वळणदार असतो. प्लेट दोन कोपऱ्यांवरच टेकली तर तिचा उपयोग निम्मा झाला. जाणकार मंडळी मधली पोकळी घट्ट एपॉक्सीनं भरून घेतात. या एका पायरीवर कंटाळा करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भोकं पाडण्याआधी टॉवर बोटीवर ठेवून दोन्ही बाजूंची मापं मध्यरेषेपासून घ्यायची. यासाठी किमान दोन-तीन माणसं लागतात. ड्रिल ज्या जागी आत घुसणार तिथे खाली वायरी, इंधनाच्या टाकीची नळी किंवा स्टिअरिंगची केबल नाही ना, तेही बघायचं. भोकाच्या जागी मास्किंग टेप लावायची, ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवायचं, म्हणजे वरचा चकचकीत जेलकोट टवके न उडता कापला जातो. मग भोकाची कड थोडी पसरट करायची, नाहीतर बोल्ट आवळल्यावर तिथूनच तडे फुटतात.

ड्रिलच्या तोंडाशी लाकडाचा भुसा आला, तर काठाच्या आत प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड आहे. तिथे पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. अशा वेळी भोक मुद्दाम मोठं करतात, त्यात एपॉक्सी भरतात, ती सुकली की त्यातून पुन्हा बोल्टच्या मापाचं भोक पाडतात. भुसा ओला निघाला तर काम तिथेच थांबवून आधी काठ दुरुस्त करायचा.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतात आणि टॉवर अ‍ॅल्युमिनियमचा. हे दोन धातू पाण्यासोबत एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम गंजायला लागतं. खाऱ्या पाण्यात तर फारच लवकर. म्हणून मध्ये नायलॉनचं वॉशर किंवा गंजरोधक पेस्ट लावतात. पायाखाली मरीन सीलंट लागतंच. सगळे बोल्ट सैल बसवून घ्यायचे आणि मग आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे.

ओळखीच्या वेल्डरकडून पाईप वाकवून घेतला तर स्वस्तात होईल, असंही काहींना वाटतं. पण टॉवरसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाजवळ बरीच कमी होते. हे गृहीत धरून डिझाइन करणं अंदाजपंचे होत नाही.

टॉवरला काय बांधू नये?

ट्यूब. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात बनाना राईड घेतली असेल, तर आठवून बघा, ओढायची दोरी खालीच बांधलेली असते. हवा भरलेल्या ट्यूबवर तीन-चार जण बसले आणि तिचं नाक पाण्यात घुसलं, की दोरीला क्षणात जबरदस्त हिसका बसतो. वेकबोर्डवाला अशा वेळी हातातली दोरी सोडून देतो. ट्यूब तर दोरीला बांधलेलीच असते, ती सुटत नाही. म्हणूनच अनेक टॉवर कंपन्या ट्यूब ओढायला मनाई करतात.

वजनाचंही तसंच. अमेरिकेत 20 फुटांपेक्षा लहान मोटरबोटींवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी लावणं बंधनकारक आहे. टॉवर, स्पीकर, बोर्ड ठेवायचे रॅक हे सगळं त्याच हिशेबात धरायचं. हे वजन उंचावर असल्यानं वळणावर बोट आधीपेक्षा जास्त कलते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे दिवा. लहान बोटीच्या मागच्या काठीवरचा पांढरा दिवा रात्री चारही बाजूंनी दिसला पाहिजे. टॉवरचा पाईप त्याच्या आड आला तर दिवा टॉवरच्या माथ्यावर न्यावा लागतो.

पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, कारण सीलंट दबल्यानं ते थोडे सैल होतात. दोरी न लावता टॉवर हातानं हलवून बघायचा. टॉवर हलताना त्याच्यासोबत काठही लवत असेल, किंवा पायाभोवती जेलकोटला चांदणीसारखे बारीक तडे दिसत असतील, तर टॉवर काढून खालची प्लेट तपासायची. तोपर्यंत दोरी पायलॉनलाच लावायची.