झुरळाच्या मागे लागलेला इंजिनिअर

आज गोष्ट झुरळाची. हातातली चप्पल खाली ठेवा आणि ऐका.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण सुगरण पक्षी नुसत्या चोचीने खोपा कसा विणतो, हे त्यांनी शेतात राबता राबता नीट बघितलं होतं. माझ्या मते संशोधन इथूनच सुरू होतं.

असाच बघणारा कौशिक जयराम. आयआयटी मुंबईत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला आणि पीएचडीला बर्कलीत गेला, ते चक्क जीवशास्त्र विभागात! गाईड होते रॉबर्ट फुल आणि प्रश्न होता, झुरळ फटीत घुसतं कसं? उत्तर भन्नाट निघालं. आपल्या उंचीच्या पाव भागाहून बारीक फटीतून ते एका सेकंदाच्या आत पार होतं. कवच एकसंध नसतं, पट्ट्यापट्ट्यांचं असतं, म्हणून ते दबतं. पाय उभे ठेवायला जागा नसली की बाजूला फाकवून सरकत जातं. वजनाच्या जवळजवळ ९०० पट दाब देऊनही त्याला इजा झाली नाही. चप्पल मारल्यावरही ते का पळतं, कळलं?

त्यावरून बनला तळहाताएवढा रोबो, 'क्रॅम'. निम्म्याहून कमी उंचीत दबूनही तो चालतो. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता, हे कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा, म्हणजे घरातल्या मोठ्यांना विचारा. किल्लारीत दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. भिंती जाड, वर मातीचं जड छप्पर. धुळे-जळगावकडची जुनी धाब्याची घरं आठवतात ना? अशा ढिगाऱ्यात कोण जिवंत आहे, हे शोधायला माणूस आत जाऊ शकत नाही. झुरळाएवढ्या फटीतून जाणारं यंत्र जाऊ शकतं. क्रॅम हा फक्त नमुना होता; प्रयोगशाळेतून खऱ्या ढिगाऱ्यापर्यंतचा रस्ता लांब आहे, हेही खरं.

मला आवडलेली गोष्ट वेगळीच. बर्कलीतच २००९ मध्ये 'डॅश' नावाचा १६ ग्रॅमचा, झुरळासारखा पळणारा रोबो बनला होता, तोही पुठ्ठ्याच्या घड्या घालून. पुढे तिथल्या विद्यार्थ्यांनी मुलांना स्वतः जोडता येईल असं त्याचं किट काढलं. रोबोटिक्स लॅबला पैसे नाहीत म्हणणाऱ्या शाळेतही पुठ्ठा असतोच की!

तुमच्या अंगणातला कोणता जीव तुम्ही असा तासभर बघितलाय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.