टीका आणि झेरॉक्स
परवा नातू राहुरीला आला तो कागदांचा गठ्ठा घेऊनच. "आजोबा, यात आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. फक्त शंभरेक पानं!" मी मराठी माध्यमाचा बी.ए., संगणकातलं मला काय कळणार? पण मास्तरकीची खोड. मी इतिहास विचारला.

१९७६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी युनिक्सच्या गाभ्याचा सुमारे नऊ हजार ओळींचा प्रोग्राम छापला आणि त्यावर टीका, म्हणजे विवरण, लिहिलं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानं वर्गात प्रोग्राम शिकवायलाच बंदी घातली. मग त्या टीकेच्या झेरॉक्स जगभर हातोहात फिरल्या. रीतसर पुस्तक निघालं ते थेट १९९६ साली. त्याच युनिक्सच्या धर्तीवर एमआयटीनं २००६ मध्ये शिकवण्यापुरती छोटी 'एक्सव्ही सिक्स' लिहिली. नातवाचा गठ्ठा तो हाच. आयआयटी मुंबईच्या मैथिली वुटुकुरू यांनी तीच घेऊन वर्ग शिकवले आणि टिपणं सगळ्यांना खुली केली.

टिपणं मात्र इंग्रजीत. आमच्या शेजारच्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका मराठीत सांगितली, ती संस्कृत न येणाऱ्यांसाठी. माझ्या वर्गात गणितात तल्लख पण इंग्रजीला बिचकणारी किती पोरं होती! नातवाला म्हटलं, "रोज एक पान मला मराठीत समजावून सांग. मी लिहून घेतो."

काल पहिलं पान झालं.