सायकलीचे गिअर व चढण

चढावर पॅडलवर द्यावे लागणारे बल स्वाराच्या आवाक्यात राहावे, यासाठी सायकलीच्या पुढील दंतचक्राच्या दात्यांचे मागील दंतचक्राच्या दात्यांशी असलेले गुणोत्तर कमी ठेवतात. या योजनेस व्यवहारात ‘हलका गिअर’ म्हणतात. तांत्रिक दृष्ट्या ती साधी असली, तरी तिला मान्यता मिळण्यास दीर्घ काळ लागला. कारण हलका गिअर हे दुबळेपणाचे लक्षण मानले जाई.

एकोणिसाव्या शतकातील उंच पुढच्या चाकाच्या सायकलीत पॅडल चाकाच्या आसालाच जोडलेले असे. चाक जितके मोठे, तितके एका फेऱ्यात अधिक अंतर कापले जाई व चढ तितकाच अवघड होई. जॉन केंप स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ सायकलीत (१८८५) साखळीने मागील चाक फिरू लागले आणि चाकाचा आकार न बदलता गुणोत्तर बदलणे शक्य झाले. फ्रान्समधील डोंगराळ सँत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने बदलत्या गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे विसाव्या शतकाच्या आरंभी स्टर्मी-आर्चर यांचा तीन गतींचा तुंबा तयार झाला. याउलट, तूर द फ्रान्स शर्यतीचे (१९०३) संस्थापक आंरी देग्रांज यांचा गिअर बदलण्याच्या यंत्रणेस विरोध होता. घाटाच्या पायथ्याशी उतरून मागील चाक उलटे बसवावे व दुसऱ्या बाजूचे मोठे दंतचक्र वापरावे, अशी स्पर्धकांची रीत होती. साखळी सरकविणाऱ्या यंत्रणेस तेथे १९३७ मध्ये मुभा मिळाली.

भारतात दीर्घ काळ प्रचारात असलेली साधी सायकल एकाच गिअरची होती. २८ इंची चाक, पुढे ४४ व मागे १८ दाते असल्यास पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सु. ५·५ मी. पुढे जाते. स्वार व सायकल मिळून ८० किग्रॅ. वजन धरल्यास, शंभरास पाच या चढावर पॅडलवरील सरासरी बल केवळ गुरुत्वाकर्षणामुळे सु. २०० न्यूटन होते. मिनिटास ६० फेरे ठेवायचे, तर वेग ताशी सु. २० किमी. व त्यासाठी २०० वॉटपेक्षा अधिक शक्ती लागते. नवशिक्या स्वारास ती फार वेळ टिकविता येत नाही. पुढे २८ व मागे ३२ दाते असल्यास हेच बल सु. ७२ न्यूटनांवर येते. वेग ताशी ७ किमी. राहतो, पण सु. ७७ वॉट पुरतात. चढण्याचे एकूण कार्य मात्र दोन्ही वेळी सारखेच असते; हलका गिअर श्रम वाचवीत नाही, ते अधिक काळात वाटून देतो.

या हिशेबाचे महत्त्व कोकणात विशेष जाणवते. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गाव समुद्राकाठी असले, तरी या किनारपट्टीत जांभ्या दगडाचे सडे व खाड्या यांमुळे रस्त्यांना वारंवार तीव्र चढउतार येतात. सावंतवाडीच्या पुढे आंबोली घाट समुद्रसपाटीपासून सु. ६९० मी. उंचीवर पोचतो. पाव, मासळी वा दूध घेऊन एका गिअरच्या सायकलीवर निघालेल्या माणसास अशा ठिकाणी उतरून सायकल हाताने ढकलावी लागे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वप्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची प्रथा आहे. तो मान सरावलेल्या स्पर्धकाचा असतो. त्याचे गुणोत्तर नवशिक्यास मापदंड ठरत नाही.

१९७० नंतर कॅलिफोर्नियात डोंगरी सायकलीचा उदय झाला व अतिशय हलके गिअर सर्वसामान्य स्वारांपर्यंत पोचले. एकविसाव्या शतकात शर्यतीच्या सायकलींवरही पुढील दंतचक्रे लहान झाली. नव्या स्वाराने पुढील व मागील दात्यांचे गुणोत्तर १ किंवा त्याहून कमी होईल अशी जोडी निवडावी आणि चढ लागण्यापूर्वीच, पॅडलवर ताण कमी असताना, गिअर बदलावा. भरचढावर बदलल्यास साखळी अडकते किंवा निसटते. गुडघ्यांवरील ताण कमी ठेवून, बसल्या जागी, समान लयीने पॅडल फिरविता येणे ही योग्य गिअरची व्यावहारिक कसोटी होय.